राखीव यादीतला वैमानिक : चार्ल्स लिंडबर्ग

धारगळपासून मोपाचा माथा हाकेच्या अंतरावर आहे. २०२३ च्या जानेवारीत तिथून प्रवासी विमाने उडू लागली आणि पेडण्याच्या आकाशाला विमानाची घरघर नवी राहिली नाही. चवथीला माटोळी बांधायला जमलेल्या पोरांत हल्ली पायलट व्हायचे म्हणणारा एखादा तरी असतो. वडीलधारी मंडळी मग त्याला खडकवासल्याची एनडीए, डुंडीगलची अकादमी, परीक्षा, डोळ्यांची तपासणी असे सगळे समजावून सांगतात. सांगायचे राहते ते पुढचे. शिक्षण पुरे होऊन छातीवर पंख लागले की कोणाला कुठे पाठवायचे, हे कसे ठरते? आणि त्या वर्षी सरकारला नवे वैमानिक नकोच असले तर?

हा प्रश्न जगातल्या एका फार मोठ्या वैमानिकापुढे उभा राहिला होता. अटलांटिक महासागर एकट्याने, वाटेत कुठेही न उतरता विमानाने ओलांडणारा पहिला माणूस म्हणून चार्ल्स लिंडबर्गचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. तो लष्कराच्या वैमानिक प्रशिक्षणात पहिला आला होता आणि तरीही लष्कराने त्याला नोकरीत घेतले नव्हते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्याच्या हाती पडली ती राखीव दलातली एक सनद. ती सनद त्याने कशी मिळवली, कशी वाढवली, रागाच्या भरात कशी परत केली आणि पुढे तिच्यासाठी किती वर्षे थांबला, हे पाहिले की या माणसाचे निम्मे चरित्र कळते.

लिंडबर्गचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ चा, डेट्रॉइटचा. वाढला मात्र मिनेसोटा राज्यातल्या लिटल फॉल्स गावाजवळ, मिसिसिपी नदीच्या काठच्या शेतावर. आई रसायनशास्त्र शिकवणारी. वडील वकील आणि १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे अमेरिकेच्या काँग्रेसचे सभासद. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने पडू नये असे त्यांचे ठाम मत होते. लोकमत उलट्या दिशेला वाहू लागले तरी त्यांनी ते सोडले नाही, आणि राजकारणात त्याची पुरेपूर किंमत मोजली. मुलाने हे सारे जवळून पाहिले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती कामाला येते.

मुलाला पुस्तकापेक्षा यंत्राची गोडी. विस्कॉन्सिन विद्यापीठात इंजिनियरिंगला नाव घातले, पण दुसऱ्याच वर्षी अभ्यास सुटला. १९२२ च्या एप्रिलमध्ये नेब्रास्कातल्या लिंकन गावी तो विमान शिकायला गेला. तिथे उडायला शिकला, पण एकट्याने उडण्याची परवानगी मिळाली नाही. विमान मोडले तर भरपाई म्हणून जी अनामत ठेवावी लागे तेवढे पैसे त्याच्याजवळ नव्हते. मग त्याने गावोगाव खेळ करणाऱ्या वैमानिकांची साथ धरली. आपल्याकडे दशावतारी मंडळी या जत्रेतून त्या जत्रेला जातात, तसे हे वैमानिक गावाबाहेरच्या शेतात विमान उतरवायचे, कसरती दाखवायचे आणि चार पैसे घेऊन लोकांना आकाशात फिरवून आणायचे. उडत्या विमानाच्या पंखावर उभे राहणे आणि पॅराशूट घेऊन उडी मारणे ही लिंडबर्गची कामे. १९२३ साली त्याने पाचशे डॉलरना युद्धातले एक जुने कर्टिस जेनी विमान विकत घेतले. जन्मातले पहिले एकट्याचे उड्डाण त्याने केले ते याच विमानातून.

या भटकंतीत पोट भरत होते, पण विमाने सगळी जुनी, मोडकळीला आलेली. नवी, ताकदीची विमाने होती फक्त लष्कराकडे. म्हणून १९२४ च्या मार्चमध्ये तो टेक्सासमधल्या ब्रुक्स फील्डवर कॅडेट म्हणून दाखल झाला. त्याच्याबरोबर एकूण १०४ जण होते. तीनशेहून अधिक तास उडालेला हा पोरगा उड्डाणात इतरांच्या पुढे होता. वर्गात मात्र पहिल्याच एका परीक्षेत तो काठावर पास झाला. हवामान, दिशाशोधन, लष्करी कायदा, हिशेब अशा विषयांत दोनदा घसरले की घरी पाठवत. कॉलेजात न वाचलेला लिंडबर्ग इथे रात्री जागून वाचू लागला. प्रशिक्षण चालू असतानाच २४ मे १९२४ रोजी वडील गेले. मुलगा प्रशिक्षणात तसाच टिकून राहिला.

पुढचे शिक्षण केली फील्डवर झाले. ते संपायला आठवडाभर उरला असताना, ५ मार्च १९२५ ला, सरावात त्याचे विमान दुसऱ्या एका विमानावर हवेत आदळले. दोघेही वैमानिक पॅराशूटने उतरले आणि वाचले. मार्चच्या मध्यात निकाल लागला तेव्हा १०४ पैकी अवघे १८ उरले होते आणि त्यांत लिंडबर्ग पहिला होता.

आता नेमणूक. महायुद्ध संपून सहा वर्षे होऊन गेली होती, हवाई शाखेच्या खर्चाला कात्री लागली होती. शिकवलेल्या सगळ्यांना कायम ठेवायला ना पैसा होता ना जागा. म्हणून कॅडेटला वर्षभर शिकवायचे, सेकंड लेफ्टनंटची सनद द्यायची, आणि ती राखीव अधिकारी दलातली द्यायची, अशी पद्धत होती. अर्थ सरळ होता. तू अधिकारी आहेस, युद्ध आले तर तुला बोलावू, तोवर तुझे पोट तू भर. पहिल्या नंबराच्या माणसालाही लष्कराने हेच सांगितले. लिंडबर्गने गणवेश पेटीत ठेवला आणि कामाच्या शोधात मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहराची वाट धरली.

राखीव सनदीला एक मोठा धोका असतो, तो आपल्याकडच्या सुताराला किंवा तारव्यालाही कळेल. हत्यार वापरात नसले की गंजते. वर्षातून थोडे दिवस सरावाला बोलावणार, तेही पैसे असले तर. मधल्या काळात हात सुटणार. त्यावर अमेरिकेत एक तोड होती आणि लिंडबर्गने ती धरली.

तिथे राखीव सैन्याची दोन घरे आहेत. एक केंद्र सरकारचे राखीव दल. दुसरे नॅशनल गार्ड, म्हणजे प्रत्येक राज्याची स्वतःची फौज. ती शांततेच्या काळात राज्याच्या गव्हर्नरच्या हुकमतीत असते, पूर आला, दंगल झाली की धावून जाते, आणि युद्धात राष्ट्रीय सैन्याला जोडली जाते. १९२१ पासून या गार्डच्या पायदळ डिव्हिजनना टेहळणीची विमान पथके जोडायला सुरुवात झाली होती. सेंट लुईसच्या लॅम्बर्ट फील्डवर मिसुरी गार्डचे असेच एक पथक होते, ११० वी ऑब्झर्व्हेशन स्क्वाड्रन. १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये लिंडबर्ग तिच्यात दाखल झाला. तिथले बाकीचे लोक आठवडाभर आपापली नोकरी-धंदा करणारे, सुट्टीच्या दिवशी गणवेश चढवून उडणारे. लिंडबर्गला उडायला लष्करी विमाने मिळाली, हात चालू राहिला, आणि बढतीही झाली. आधी फर्स्ट लेफ्टनंट, मग १९२६ मध्ये कॅप्टन.

पण गार्डने त्याला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट बढती नव्हती, ओळखी होत्या. पथकाचा प्रमुख मेजर विल्यम रॉबर्टसन. त्याची आणि त्याच्या भावाची रॉबर्टसन एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन नावाची कंपनी होती आणि तिला सेंट लुईस ते शिकागो टपाल नेण्याचे कंत्राट मिळाले होते. सुट्टीत त्याच्या हाताखाली उडणारा लिंडबर्गच या टपालाचा मुख्य वैमानिक होता. १५ एप्रिल १९२६ ला ही सेवा सुरू झाली. जुनी डीएच-४ विमाने, धुके, हिमवर्षाव, रात्री खाली दिवे नाहीत. त्या वर्षाच्या सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये दोनदा त्याला टपालाचे विमान सोडून अंधारात पॅराशूटने उडी घ्यावी लागली. दोन्ही वेळा खाली उतरल्यावर त्याने पडलेले विमान शोधले आणि टपालाच्या पिशव्या पुढे पाठवल्या. (आपल्याकडे कराचीहून मुंबईच्या जुहूला जे. आर. डी. टाटांनी पहिले टपाल आणले ते १९३२ च्या ऑक्टोबरात, आणि १९३५ साली टाटांची टपालसेवा गोवा आणि कण्णूर मार्गे त्रिवेंद्रमला जाऊ लागली. त्या काळच्या टपाल वैमानिकांचे जिणे दोन्हीकडे सारखेच असणार.)

न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडेल त्याला पंचवीस हजार डॉलर, हे रेमंड ऑर्टिग या हॉटेलमालकाचे बक्षीस १९१९ पासून पडून होते. नामवंत वैमानिक दोन-तीन इंजिनांची मोठी विमाने घेऊन त्याच्या मागे लागले होते आणि काहींनी जीवही गमावला. लिंडबर्गचे गणित वेगळे होते. एक इंजिन, एक माणूस, बाकी सगळे वजन पेट्रोलचे. त्याने आपली साठवलेली दोन हजारांची पुंजी काढली. बाकीचे पैसे सेंट लुईसमधल्या ज्या मंडळींनी उभे केले त्यांत गार्डमधला प्रमुख रॉबर्टसन होता, मेजर आल्बर्ट लॅम्बर्ट होते, शहरातला एक बँकर आणि उड्डाण क्लबचा अध्यक्ष होता. सगळे लॅम्बर्ट फील्डच्या वर्तुळातले. लष्कराने त्याला तेव्हा कायम नोकरी दिली असती, तर तो टेक्सासमध्ये नाहीतर पनामात कुठेतरी हुकमाप्रमाणे उडत राहिला असता आणि हे वर्तुळ त्याला भेटले नसते, असे माझे मत आहे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. सॅन डिएगोच्या रायन कंपनीने बांधलेले स्पिरिट ऑफ सेंट लुईस हे विमान घेऊन २० मे १९२७ च्या सकाळी तो न्यूयॉर्कजवळून निघाला आणि साडेतेहेतीस तासांनी, सुमारे ५,८०० किलोमीटर कापून, पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावर उतरला. त्याआधीची रात्रही त्याने जवळजवळ जागून काढली होती. त्याच्या आधी १९१९ मध्ये ॲल्कॉक आणि ब्राऊन या दोघांनी अटलांटिक ओलांडला होता, पण तो न्यूफाउंडलंड ते आयर्लंड असा छोट्या वाटेने. एकट्याने, आणि दोन महानगरांच्या दरम्यान, हे कोणी केले नव्हते.

पॅरिसला उतरला तेव्हा हा पंचवीस वर्षांचा तरुण पोटापाण्याने टपाल वैमानिक होता आणि हुद्द्याने राखीव दलाचा कॅप्टन. दोन महिन्यांत तो राखीव दलाचा कर्नल झाला. मधल्या पायऱ्या एका उडीत ओलांडल्या. अमेरिकेतले रणांगणावरचे सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, काँग्रेसने खास कायदा करून त्याला दिले. युद्ध नसताना, एका राखीव अधिकाऱ्याला. दोन वर्षांपूर्वी ज्या लष्कराकडे त्याच्यासाठी जागा नव्हती, ते आता त्याच्या नावाने तरुणांना भरतीला बोलवत होते.

यानंतरची वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती वाचायला जड आहेत. १९२९ मध्ये ॲन मॉरोशी लग्न झाले. १ मार्च १९३२ ला त्यांचे वीस महिन्यांचे मूल घरातून पळवले गेले आणि पुढे मृत सापडले. खटल्याचा आणि वर्तमानपत्रांचा गदारोळ सोसवेना म्हणून १९३५ च्या अखेरीला हे कुटुंब इंग्लंडला गेले. १९३७ च्या सुरुवातीला नवरा-बायको छोट्या विमानाने हिंदुस्थानातही आले आणि कलकत्त्याच्या सर्वधर्म परिषदेला बसले. त्याच वर्षांत लिंडबर्ग जर्मनीच्या फेऱ्या करून तिथल्या विमानदलाची माहिती अमेरिकेला कळवत होता. १९३८ च्या ऑक्टोबरात गोअरिंगच्या हातून त्याने पदक घेतले आणि पुढे चौफेर टीका झाली तरी ते परत केले नाही.

१९३९ च्या एप्रिलमध्ये तो मायदेशी परतला आणि विमानदलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड यांनी या राखीव कर्नलला सक्रिय कामावर बोलावले. विमानांचे कारखाने आणि संशोधन पाहून अहवाल द्यायचा, हे काम. राखीव अधिकारी असतो तो याचसाठी. पण सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले आणि अमेरिकेने त्यात पडू नये म्हणून लिंडबर्ग रेडिओवरून बोलू लागला. बोलण्याआधी त्याने सक्रिय काम सोडले. सनद मात्र राहिली. वडिलांचे वळण मुलात उतरले होते. फरक एवढाच की वडिलांच्या विरोधात फार तर त्यांचे राजकारण गेले. मुलाच्या मागे हजारोंच्या सभा होत्या आणि समोर हिटलर होता. १९४१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पत्रकारांसमोर त्याची तुलना यादवी युद्धातल्या फितुरांशी केली. लिंडबर्गला ती जिव्हारी लागली आणि २८ एप्रिलला त्याने कर्नलच्या सनदीचा राजीनामा धाडून दिला. त्याच सप्टेंबरात डे मॉइन्सच्या सभेत त्याने देशाला युद्धाकडे ओढणाऱ्यांत ज्यूंचे नाव घेतले. त्या भाषणाचे समर्थन करता येत नाही, आणि त्याचा मोठेपणा सांगताना ते झाकूनही ठेवू नये.

७ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बर. लिंडबर्गने लगेच सेवेची तयारी कळवली, युद्धमंत्री स्टिमसन यांची भेट घेतली. उत्तर नकाराचे आले. कोट्यवधी तरुणांना गणवेश चढवणाऱ्या देशाने त्याच्या सर्वांत प्रसिद्ध वैमानिकाला गणवेश द्यायला नाकारले. राजीनामा दिला नसता तर राखीव अधिकारी म्हणून त्याला बोलावण्याचा मार्ग तरी उघडा असता. आता त्याच्याकडे मागण्यासारखे काही उरले नव्हते. विमान कंपन्याही सरकारच्या नाराजीने बिचकल्या. शेवटी हेन्री फोर्डने त्याला बॉम्बर विमानांच्या कारखान्यात घेतले, नंतर युनायटेड एअरक्राफ्टमध्ये तो सल्लागार झाला.

१९४४ मध्ये त्याच कंपनीचा तांत्रिक प्रतिनिधी म्हणून तो प्रशांत महासागरातल्या आघाडीवर गेला. वय ४२, अंगावर पदचिन्ह नसलेला गणवेश, कागदोपत्री साधा नागरिक. शत्रूच्या हाती लागला असता तर युद्धकैद्याचे हक्क सांगायलाही जागा नव्हती. तरीही तो लढाऊ विमानांतून पन्नास मोहिमांवर गेला आणि २८ जुलैला सेराम बेटाजवळ एक जपानी विमानही पाडले. पण त्याची खरी कामगिरी पेट्रोलची होती. पी-३८ विमाने चालवणाऱ्या ४७५ व्या फायटर ग्रुपच्या तरुण वैमानिकांना त्याने इंजिनाचे फेरे कमी ठेवून, मिश्रणात पेट्रोल कमी करून उडायला शिकवले. पोरांना भीती की इंजिन जळेल. त्यांच्याबरोबर उडून, परत आल्यावर टाकीत उरलेले पेट्रोल दाखवून त्याने त्यांची खात्री पटवली. विमानांचा पल्ला शेकडो मैलांनी वाढला. टपालाच्या विमानात थेंबाथेंबाचा हिशेब ठेवण्याची सवय इथे उपयोगी पडली, हे उघड आहे.

सनद परत मिळायला आणखी दहा वर्षे गेली. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याला हवाई दलाच्या राखीव यादीत ब्रिगेडियर जनरल केले. त्याच साली त्याच्या आत्मकथनाला पुलित्झर पुरस्कार मिळाला. म्हातारपणी तो रानटी प्राण्यांच्या रक्षणासाठी देशोदेशी फिरला. युरोपात त्याची आणखीही कुटुंबे होती, हे जगाला २००३ मध्ये कळले. तोवर त्याला जाऊन एकोणतीस वर्षे झाली होती.

आता चवथीच्या त्या मुलासाठी. अमेरिकेत नव्या वैमानिकाचा मार्ग आज बराच बदलला आहे. नियमित हवाई दलातल्या उमेदवाराला प्रशिक्षणाच्या शेवटी, त्याचा क्रमांक, त्याची पसंती आणि हवाई दलाची गरज पाहून विमान आणि ठिकाण मिळते. गार्ड आणि राखीव पथके मात्र आपला माणूस आधीच निवडतात. उमेदवार थेट त्या पथकाकडे अर्ज करतो, जाऊन भेटतो, तिथलेच वैमानिक त्याची मुलाखत घेतात. पसंत पडला की पथक त्याला प्रशिक्षणाला धाडते आणि शिकून तो त्याच तळावर, त्याच विमानावर परत येतो. एका अर्थी लिंडबर्गचा क्रम उलटा झाला आहे: त्याने आधी पंख मिळवले आणि मग पथक शोधले.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी भारतीय हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलात नागरी वैमानिकांना घेऊन किनारा राखणारी पथके उभारली गेली, त्यांतले एक मुंबईला होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्याने सहायक हवाई दल आले आणि मुंबईच्या वाट्याला ५२ वी स्क्वाड्रन आली. नोकरी-धंदा सांभाळून उडणाऱ्यांची ही पथके पुढे नियमित हवाई दलात मिसळून गेली. आज आपल्या मुलाला पंख मिळाले की लढाऊ, वाहतूक किंवा हेलिकॉप्टर यांपैकी एका शाखेतून तो थेट नियमित तळावर जातो. सुट्टीच्या दिवशी उडण्याचे पथक त्याला मिळणार नाही.

लिंडबर्गचा शेवट २६ ऑगस्ट १९७४ ला हवाईतल्या माउई बेटावर झाला. कर्करोग आहे हे कळल्यावर न्यूयॉर्कच्या इस्पितळातून तो मुद्दाम तिथे गेला होता. थडगे कसे असावे, शवपेटी कुठल्या लाकडाची असावी, हेही त्याने स्वतःच ठरवून ठेवले होते. किपाहुलू गावच्या छोट्या चर्चच्या आवारात, समुद्राच्या वरच्या बाजूला त्याला पुरले. अंगावर गणवेश नव्हता. साधे कामाचे कपडे होते.